लष्कर गेलं, सामान राहिलं: मग हिशेब कुणी फेडला?

(अंबाजोगाई इथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आत येता येता काही जणांनी आम्हाला विचारलं, "इंग्रजांच्या लष्करी सामानाचं व्याख्यान बीड जिल्ह्यात कशाला? इथे तर निजामाचं राज्य होतं." प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुमच्याच गावाच्या जुन्या नावात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मोमिनाबादचं ठाणं

निजामाच्या काळात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचं ठाणं होतं. औरंगाबाद, जालना, हिंगोली, एलिचपूर, बोलारम ही त्याच फौजेची आणखी काही ठाणी. ही कंटिंजंट म्हणजे काय प्रकार होता, ते आधी समजून घेऊ. पुढचा सगळा गुंता इथे छोट्या रूपात दिसतो.

फौज नावाला निजामाची. पगार निजामाच्या खजिन्यातून. पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम इंग्रज रेसिडेंटचा. म्हणजे घोडा आपला, दाणापाणी आपलं, लगाम मात्र दुसऱ्याच्या हातात. हा खर्च निजामाला झेपेना, कंपनीचं देणं वाढत गेलं. शेवटी १८५३ साली, डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, तह झाला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपल्या शेजारचा धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड गेलं ते गेलंच.

पुढे १९०२ मध्ये कर्झननं नवा करार केला. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घ्यायचं. त्याच करारानं फौजेची फेररचना करण्याचा अधिकारही इंग्रजांना मिळाला. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. घोडदळाच्या रिसाल्यांतून 'डेक्कन हॉर्स' हे नाव पुढे आलं. त्या नावाची रेजिमेंट आजही भारतीय लष्करात आहे, फक्त घोड्यांच्या जागी रणगाडे आले.

आता यात काय झालं ते बघा. पन्नास वर्षं वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या वसुलावर पोसलेली फौज, तिची माणसं, घोडी आणि हत्यारं, एका करारानं दुसऱ्याच्या खात्यात गेली. गावाकडे उरली ती रिकामी होणारी छावणी आणि छावणीवर पोट असलेला बाजार.

लष्कर जातं तेव्हा मागे राहिलेल्या सामानाबद्दल तीन प्रश्न पडतात. हे सामान कुणाचं? त्याची किंमत कुणी ठरवली? आणि जे विकलं जाणार नाही, ते कुणी निस्तरायचं? आज आम्ही जे सांगणार आहोत, ते या तीन प्रश्नांभोवतीच आहे. मोमिनाबादचा हिशेब एका ठाण्याचा होता. १९४५ नंतर तोच प्रश्न सगळ्या देशापुढे उभा राहिला.

देशाचं कोठार झालं

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी लष्करात साधारण दोन लाख माणसं होती. १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. जपान ब्रह्मदेशात येऊन पोचल्यावर हिंदुस्थान हा त्या आघाडीचा मागचा तळ झाला. मुंबई आणि कलकत्ता बंदरांत माल उतरायचा. तिथून तो आसाम, ब्रह्मदेश आणि पुढे चीनकडे जायचा. धावपट्ट्या झाल्या, डेपो झाले, छावण्या झाल्या. ट्रक, जीप, विमानं, तंबू, ताडपत्र्या, घोंगड्या, बूट, वायरलेस संच, औषधं, दारूगोळा, सगळ्यांचे डोंगर उभे राहिले.

याचे पैसे कोण देत होतं? हा भाग जरा किचकट आहे, पण तो समजला की पुढचं सोपं जातं.

१९३९ मध्ये ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात खर्चाच्या वाटणीचा करार झाला. हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानं करायचा, त्यापलीकडचा युद्धाचा खर्च ब्रिटननं. ऐकायला ठीक वाटतं. पण ब्रिटन रोख देत नव्हतं. इथला शेतकरी धान्य देणार, गिरणी कापड देणार, मजूर धावपट्टी बांधणार. त्यांचे पैसे हिंदुस्थान सरकार इथे रुपयांत चुकवणार. ब्रिटन तेवढी रक्कम लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंडांत जमा दाखवणार. म्हणजे वाण्याकडची उधारीची वही. फरक इतकाच की इथे उधारी करणारा मालक होता आणि वाणी त्याचा ताबेदार.

त्या पौंडांच्या आधारावर इथे नोटा छापल्या गेल्या. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा सहा-सात पट झाल्या. माल मात्र वाढला नाही, उलट लष्कराकडे गेला. महागाई भडकली. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं मेली. त्याची कारणं अनेक आहेत, पण युद्धाची महागाई हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

"आमच्याकडे तर हाली सिक्का होता," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. हैदराबाद संस्थानचं नाणं वेगळं होतं. पण हाली रुपयाचा भाव कलदार रुपयाशी बांधलेला होता. कलदाराची किंमत घसरली की हालीचीही घसरायची. त्यात मराठवाड्याच्या शेतकऱ्यावर लेव्हीचं ओझं होतं. ठरलेल्या भावानं ठरलेलं धान्य सरकारला घालायचं. तेव्हा युद्ध इथे आलं नाही, पण त्याचं बिल आलं.

युद्ध संपलं तेव्हा लंडनच्या वहीत हिंदुस्थानच्या नावावर सुमारे १३० कोटी पौंड जमा होते. यालाच स्टर्लिंग शिल्लक म्हणतात. ही वही सांभाळणारा माणूस आपला मराठी होता. चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेला गेलेल्या हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते, आणि त्या शिष्टमंडळानं या थकबाकीचा प्रश्न जगासमोर मांडला. कारण भीती खरी होती. ब्रिटन युद्धानं कंगाल झालं होतं, आणि 'आम्ही तुमचं रक्षण केलं, मग देणं कसलं' असं म्हणणारे लोक तिथे होते.

ही वही मनात ठेवा. आपण परत तिच्याकडे येणार आहोत.

जादा मालाचं करायचं काय?

शांतता झाली आणि डोंगराएवढ्या मालाची गरज एकाएकी संपली. असा माल तसाच ठेवणंही परवडत नाही. पावसात ट्रक गंजतात, रबर सुकतं, तंबूला वाळवी लागते, पहाऱ्याला माणसं लागतात. आणि सगळा एकदम बाजारात ओतला तर भाव कोसळतात. नवे बूट करणारा कारखानदार बुडतो. घाईनं विकलं तर तोटा, थांबलं तर गंज. जगात कुठलंही लष्कर घरी परततं तेव्हा या कात्रीत सापडतंच.

सरकारनं यासाठी डिस्पोजल्सचं स्वतंत्र खातं उभारलं. तेव्हापासून 'डिस्पोजल' हा शब्द बाजारात रुळला. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची ताडपत्री, डिस्पोजलचा जनरेटर. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार यांना हा शब्द चांगला ठाऊक आहे.

पद्धत साधारण अशी असते. आधी लष्कर जाहीर करतं की अमुक माल आम्हाला नको. मग त्याची वर्गवारी होते: नवाकोरा, वापरलेला पण चालू, दुरुस्तीजोगा, आणि निव्वळ भंगार. चांगल्या मालावर पहिला हक्क इतर सरकारी खात्यांचा. त्यांना नको असेल तर निविदा किंवा लिलाव. हत्यार असेल तर ते आधी निकामी करायचं. माल एकेक नग विकत नाहीत, ढीग विकतात. ढिगात दहा चालू इंजिनं आणि नव्वद मोडकी असली तरी बोली सगळ्या ढिगावर.

आणि एक वाक्य तुम्ही आजही वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या जाहिरातीत वाचता: 'जसे आहे, जेथे आहे.' म्हणजे माल जसा पडलाय तसा आणि जिथे पडलाय तिथून उचला, नंतर तक्रार चालणार नाही. बोली लावणाऱ्यानं इसारा भरायचा. वेळेत बाकी रक्कम भरली नाही तर इसारा जप्त.

याच इसाऱ्यावरून एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. बंगालमधल्या पानागढच्या धावपट्टीवर विमानांचं भंगार पडलं होतं. विक्रीचं काम टाटा एअरक्राफ्ट या कंपनीकडे होतं. १९४६ मध्ये हनुमान कॉटन मिल्सनं ते भंगार घ्यायचं ठरवलं, किमतीच्या २५ टक्के रक्कम भरली आणि बाकीची भरली नाही. कंपनीनं रक्कम जप्त केली. निकाल लागला १९६९ मध्ये, खरेदीदाराच्या विरुद्ध. इसारा म्हणजे काय आणि तो कधी जप्त करता येतो, हे सांगताना वकील आजही हा खटला काढतात. म्हणजे बघा, तुम्ही परळीत प्लॉट घेताना जो इसारा देता, त्याच्या कायद्यावर युद्धातल्या विमानांच्या भंगाराची छाप आहे.

या लिलावांचा फायदा कुणाला झाला? ज्याच्या हातात रोकड होती, ज्याला इंग्रजी निविदा वाचता येत होती आणि ज्याच्याकडे ढीग उचलायला ट्रक होता, त्याला. ज्यांच्या धान्यावर ते लष्कर जेवलं, त्यांना ती जाहिरात कधी दिसलीच नाही. यात कुणी कायदा मोडला असं आम्ही म्हणत नाही. लिलावाची रचनाच तशी असते, एवढंच सांगतो.

विमानं: एक फोडलेली, एक विकलेली

अमेरिकेनं दोस्त राष्ट्रांना 'लेंड-लीज' योजनेखाली सामान दिलं होतं. त्याची अट अशी की युद्ध संपल्यावर ते परत करा, विकत घ्या, नाहीतर नष्ट करा. ब्रिटिश हवाई दलाकडची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं कानपूरच्या चकेरी तळावर होती. ती परत नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून ती मुद्दाम निकामी करून तिथेच टाकली. पुढे १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी या मढ्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची चाकं असं जुळवून विमानं उडण्याजोगी केली आणि जमशेद मुन्शी या वैमानिकानं ती बंगलोरला नेली. अशी चाळीसच्या वर विमानं उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन सुरू झाली. शेवटची लिबरेटर निवृत्त झाली १९६८ मध्ये. दुसऱ्यानं 'मेलं' म्हणून टाकलेलं विमान वीस वर्षं उडालं.

दुसरी गोष्ट डकोटा विमानांची. ही मालवाहू विमानं डिस्पोजलमध्ये स्वस्तात मिळाली आणि देशात खासगी विमान कंपन्यांचं पीक आलं. हैदराबाद संस्थान आणि टाटा यांची डेक्कन एअरवेज त्यातलीच. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगर वाचवायला फौज उतरवायची होती, तेव्हा हवाई दलाच्या विमानांबरोबर या कंपन्यांच्या डकोटाही धावल्या. १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या ९९ विमानांपैकी ७४ डकोटा होत्या.

अमेरिकेच्या उरलेल्या मालाची कथा आणखी वेगळी. १९४६ च्या करारानं तो हिंदुस्थान सरकारकडे आला. त्याच वर्षी अमेरिकेत सिनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकारानं कायदा झाला की परदेशात राहिलेल्या युद्धसामानाच्या विक्रीचा पैसा शिष्यवृत्त्यांसाठी वापरता येईल. भारतानं त्या योजनेचा करार २ फेब्रुवारी १९५० ला केला. आजही आपली मुलं फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत शिकायला जातात. तिचं मूळ भांडवल ट्रक, तंबू आणि विमानं विकून आलेलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बराकीत वसलेलं शहर

सामान म्हणजे फक्त हलवता येणारी वस्तू नव्हे. छावणी हेही सामानच. मुंबईजवळ कल्याणला युद्धकाळात मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून लोंढे आले. त्यांना ठेवायचं कुठे? या रिकाम्या बराकी होत्या. एकेका बराकीत मध्ये पडदे आणि फळ्या लावून कुटुंबं राहिली. जवळजवळ एक लाख माणसं तिथे आली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नगराची पायाभरणी झाली आणि नाव पडलं उल्हासनगर. आज तिथे कुणाला पत्ता विचारा, तो 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच सांगेल. इथे कुणी लिलाव केला नाही, निविदा काढली नाही. सरकारनं ठरवलं की ही वस्तू गरजू माणसासाठी आहे. युद्धाच्या सामानाचा आमच्या मते हा सर्वात चांगला उपयोग होता. पण त्यातही एक गोष्ट विसरू नका. शिपायाच्या काही महिन्यांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या बराकीत या कुटुंबांनी वर्षानुवर्षं काढली.

१९४८ चा सौदा

आता त्या वहीकडे परत येऊ.

१९४७ मध्ये देशाबरोबर लष्कराचीही फाळणी झाली. फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्या देखरेखीखाली माणसं आणि सामान वाटायचं होतं. ढोबळ प्रमाण दोन वाटे भारताला, एक वाटा पाकिस्तानला. दारूगोळ्याचे आणि शस्त्रांचे सोळाच्या सोळा सरकारी कारखाने भारतात होते, आपल्या खडकीचा कारखाना त्यातलाच. कारखाना उचलून नेता येत नाही, म्हणून पाकिस्तानला त्याबदली ६ कोटी रुपये द्यायचं ठरलं. सामानाच्या वाटणीवरून मात्र भांडणं झाली. पुरेसं सामान दिलंच नाही, ही पाकिस्तानची तक्रार कायम राहिली.

भाऊ-भाऊ भांडत होते ते सामान मुळात होतं कुणाचं? ब्रिटन म्हणालं, युद्धाच्या खर्चाच्या करारानं जे आम्ही विकत घेतलं, ते आमचं. तुम्हाला हवं असेल तर किंमत द्या. जुलै १९४८ मध्ये अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी लंडनला वाटाघाटीला गेले. १ एप्रिल १९४७ ला भारतात असलेलं सगळं लष्करी सामान, शिवाय ब्रिटनच्या पैशातून इथे बांधलेले तळ आणि इमारती, यांची कागदोपत्री किंमत होती सुमारे ५०० कोटी रुपये. सौदा ठरला १३३ कोटींना, म्हणजे १० कोटी पौंडांना. आणि हे पैसे कुठून वळते करायचे? लंडनमधल्या आपल्याच स्टर्लिंग शिलकेतून.

म्हणजे काय झालं? १९४२ मध्ये इथल्या माणसानं अर्धपोटी राहून माल आणि श्रम दिले. त्यांचे पैसे लंडनच्या वहीत अडकले. १९४८ मध्ये त्याच वहीतून, इथेच पडून असलेलं सामान आपण विकत घेतलं.

पण दोन्ही बाजू नीट मांडल्या पाहिजेत. हिशेबाच्या भाषेत यात चूक काढता येत नाही. करारानं माल ब्रिटनचा होता, आणि पाचशेचा माल एकशे तेहतिसाला मिळाला. काश्मीरची लढाई चालू होती, हत्यारांची गरज होती, आणि थकलेल्या देण्यातून काही हाताला लागलं हेही खरं. चेट्टींनी वाईट सौदा केला असं आम्ही म्हणणार नाही. पण दोन गोष्टी बघा. त्यातला बराच माल वापरून झिजलेला होता, कागदावरची किंमत नव्याची होती. आणि मूळ खर्चाच्या करारावर सही करणारं हिंदुस्थान सरकार आपण निवडलेलं नव्हतं. कंटिंजंटचं जे झालं होतं, तेच मोठ्या आकड्यांत झालं. पैसा एकाचा आणि मालकी दुसऱ्याची.

आणि याच काळातली एक विसंगती. देशात डिस्पोजलच्या जीप लिलावात विकल्या जात होत्या. त्याच १९४८ मध्ये लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयानं लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सुमारे ८० लाखांचा सौदा केला. १५५ जीप आल्या, आणि त्या वापरण्याजोग्या निघाल्या नाहीत. स्वतंत्र भारतातलं पहिलं मोठं खरेदी प्रकरण म्हणून ते गाजलं. एका दारानं जुना माल स्वस्तात जात होता आणि दुसऱ्या दारानं जुना माल पैसे मोजून येत होता.

हैदराबाद, १९४८

आपल्या भागाकडे वळू. १९४८ च्या उन्हाळ्यात हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हतं. भारतानं नाकेबंदी केली होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात पाकिस्तानातून हत्यारं भरून बिदर-वरंगळकडे आणत होता. त्याची विमानं कुठली? लँकेस्ट्रियन. युद्धातल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाचंच प्रवासी रूप. पुढे ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि शिक्षा काय, तर २०० पौंड दंड!

महायुद्धाचं उरलेलं सामान असं हिंडत होतं. तेच डकोटा श्रीनगर वाचवत होतं आणि त्याच पिढीतलं दुसरं विमान निजामाला बंदुका पोचवत होतं. वस्तूला निष्ठा नसते. ती ज्याच्या हाती पडेल त्याची.

आपल्या गावांत मात्र रझाकारांच्या हाती बहुतेक भाले, तलवारी आणि भरमार बंदुका होत्या. पण निःशस्त्र गावाला जाळायला तेवढं पुरतं. याच अंबाजोगाईत योगेश्वरी शाळेत शिकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या लढ्याचं नेतृत्व केलं, तो १७ सप्टेंबर १९४८ ला यशस्वी झाला. त्यानंतर हत्यारं गोळा करण्याचं काम सुरू झालं. राज्य बदलणं चार-पाच दिवसांत झालं. घराघरांतली हत्यारं काढून घेणं हे त्याहून लांबणारं आणि नाजूक काम असतं.

जे विकता येत नाही

आता तिसरा प्रश्न. ट्रक विकता येतो, तंबू विकता येतो. जुना दारूगोळा कोण घेणार?

दारूगोळ्याला आयुष्य असतं. आतलं रसायन बदलत जातं, आणि जुना गोळा नव्यापेक्षा जास्त बेभरवशाचा होतो. त्याच्या तीन वाटा: समुद्रात बुडवणं, मोकळ्या जागी खड्ड्यात स्फोट करणं किंवा जाळणं, आणि उघडून आतलं रसायन वेगळं काढणं. पहिली स्वस्त, पण समुद्र नासवणारी. दुसरी नेहमीची, पण धोक्याची. तिसरी सुरक्षित, पण महाग.

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं देशातलं सर्वात मोठं दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथल्या सोनेगाव परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवत असताना स्फोट झाला. सहा माणसं गेली. तो माल इंग्रजांच्या काळातला नव्हता, आपल्याच कारखान्याचा होता. पण मेले कोण ते बघा: बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदारीवर आलेले मजूर. १९४६ च्या पानागढच्या लिलावात बोली लावणारे वेगळे होते आणि २०१८ मध्ये पेट्या उचलणारे वेगळे. नफ्याचा माल वरच्या हातात जातो आणि धोक्याचा माल खालच्या हातात येतो. इंग्रज गेले, पण हे गणित बदललेलं नाही.

नगरच्या बाजूला लष्कराचं मैदान आहे. आष्टी तालुक्यातल्या लोकांना ते ठाऊक आहे. सरावाच्या मैदानावर न फुटलेला गोळा पडलेला असू शकतो. पितळ-लोखंडाचे दोन पैसे मिळतील म्हणून कुणी तो उचलतो, ठोकतो. आमची हात जोडून विनंती आहे: असं काही दिसलं तर हात लावू नका, हलवू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. आजच्या व्याख्यानातली बाकी सगळी माहिती विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आमचं बोलणं इथे संपवतो. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'जसे आहे, जेथे आहे' अशी जाहिरात दिसली, मग ती जुन्या सरकारी गाड्यांची असो की बंद कारखान्याच्या यंत्रांची, तर तेच तीन प्रश्न विचारा. कुणाच्या पैशातून आलं? किंमत कुणी ठरवली? न खपणारं कुणाच्या दारात पडणार?

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, स्टर्लिंग शिलकेचे उरलेले पैसे भारताला मिळाले का?

उत्तर: मिळाले, पण हप्त्याहप्त्यानं. सामानाचे १० कोटी पौंड गेले. शिवाय भारतात नोकरी केलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनापोटी सुमारे १६ कोटी ८० लाख पौंड त्याच करारात बाजूला काढले गेले. बाकी रक्कम दरवर्षी ठरेल तेवढी मोकळी होत गेली आणि ती आयातीवर, पहिल्या-दुसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात, खर्च झाली. दरम्यान सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं. डॉलरच्या भाषेत आपली शिल्लक तीस टक्क्यांनी आटली. उधारीत हेच होतं. वसूल होते तेव्हा रुपया तोच असतो, पण त्यात येणारी ज्वारी कमी झालेली असते.

प्रश्न: डिस्पोजलचं ते खातं अजून आहे का?

उत्तर: खरेदी आणि डिस्पोजल ही कामं १९५१ मध्ये एका महासंचालनालयात आली. ते ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं. सरकारी खरेदी आता जेम नावाच्या संकेतस्थळावरून होते आणि भंगाराचे लिलावही ऑनलाइन होतात. मोबाईलवर कुणालाही ते पाहता येतात. १९४६ मध्ये बीडच्या शेतकऱ्याला जी जाहिरात दिसली नाही, ती आज दिसते. बोली लावायला पैसे लागतातच, पण काय विकलं जातंय आणि कितीला, हे बघायला पैसे लागत नाहीत. तेवढं तरी बघत जाऊ या.